टाकलेली नागली

दर शनिवारी दुपारी ओगले मास्तरांच्या गाईच्या गळ्यातली घंटा सोडायची, धोतराच्या सोग्याला पुसायची आणि शाळेत नेऊन मास्तरांच्या टेबलावर ठेवायची, हे माझं काम होतं. मास्तरांच्या देवघरात चांगली पितळी घंटी होती, पण तिला माझा हात लागून चालत नव्हता. शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला लोखंडाचा तुकडा. तो आत आणून कसा वाजवणार? म्हणून गाईची. संध्याकाळी सभा सुटली की ती परत गाईच्या गळ्यात बांधायची. मधल्या दोन-तीन तासांत ती गाय दावणीला उभ्या उभ्या सारखी मान हलवून बघायची, आवाज का येत नाही म्हणून. मला तिचं हसू यायचं. पुढे आलं नाही.

जव्हारला मास्तरांच्या पडवीत मी तीन वर्षं काढली. आमचं घर सूर्यमाळेवर, सात झोपड्यांच्या पाड्यात. जंगलखात्याच्या एका शिपायानं मला कोळशानं दगडावर अक्षरं काढायला शिकवलं होतं. मास्तर एकदा खोडाळ्याच्या बाजाराला आले असताना मी वाण्याच्या मिठाच्या गोणीवरची अक्षरं वाचताना त्यांना दिसलो. ते बाला म्हणाले, "हे पोर मला दे, माणूस करतो." बानं दिलं. आधीच सांगून ठेवतो, मास्तरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. हे लिहितोय ती अक्षरं त्यांचीच आहेत. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून त्यांच्या घरच्या कुणाला वाईट वाटलं तर मी आत्ताच हात जोडतो. वय झालं तरी ही खोड गेली नाही. काही खरं बोलायच्या आधी माझे हात जोडले जातात.

ती खोड बाईंनी लावली. बाई म्हणजे मास्तरांची बायको. त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही. सकाळी गाईचं शेण काढून, लाकडं फोडून, अंगण झाडून झालं की मी पडवीच्या कोपऱ्यात पळसाचं पान मांडून बसायचो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून बाई वरूनच भात टाकायच्या, मग आमटी. आमटी उंचावरून पडायची, त्यामुळे पानावर निम्मी आणि माझ्या मांडीवर निम्मी. मांडी भाजली तरी हलायचं नाही, कारण हललं तर पुढची धार जमिनीवर. मग मी म्हणायचो, "उपकार झाले, बाई." हळू म्हटलं तर चालत नसे. "काय म्हणालास रे? शेजारी ऐकू तरी जाऊ दे, नाहीतर म्हणतील ओगल्यांनी पोर राबायला आणलंय." मग मी मोठ्यानं म्हणायचो आणि पलीकडच्या परसातून कारकुनाची बायको हसायची. ती आमटी मात्र चवीची असायची, चिंचगुळाची. आमच्याकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि अंबाडीचा पाला. गूळ मी जव्हारलाच पहिल्यांदा पोटभर चाटला.

शाळेत मला 'अठंतठं' म्हणत. आमच्या बोलीत 'इथं' नाही, 'अठं'. 'कुठं' नाही, 'कठं'. पहिल्याच दिवशी मी मास्तरांना "अठं बसू का?" विचारलं आणि वर्ग फुटला. तेव्हापासून माझं धर्मा हे नाव हजेरीच्या वहीत राहिलं. हे बारसं केलं ते दिगंबरनं, त्या कारकुनाच्या मुलानं. गोरा, देखणा, पाठांतराला पक्का. तो मला मारत नसे, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो फक्त बोलायचा, आणि मारणारे दुसरे असत.

शनिवारची वादसभा हा ओगले मास्तरांचा जीव की प्राण. जव्हारात तोवर असलं काही नव्हतं. आणि तिला मास्तरांनी स्वतःचा एक नियम लावला होता, त्याचा त्यांना फार अभिमान होता. बोलायला उभा राहिलेल्या मुलानं सहा मिनिटं एका बाजूनं बोलायचं, मास्तरांनी खिशातलं घड्याळ बघून घंटा वाजवली की तिथल्या तिथे उलटायचं आणि पुढची सहा मिनिटं विरुद्ध बाजूनं बोलायचं. "दोन्हीकडून बोलता आलं पाहिजे," ते तपकिरीची चिमूट नाकाशी धरून म्हणत. "एकाच बाजूनं तर बैलही ओढतो." घोडा चांगला की बैल, शहर बरं की गाव, असले विषय. पोरं घंटेनंतर गडबडायची. दिगंबरसुद्धा 'परंतु' म्हणून थांबायचा. मला ते सोपं जाई. घरात एक बोली आणि बाहेर एक, असं ज्याला सकाळ-संध्याकाळ करावं लागतं, त्याला उलटायला वेळ लागत नाही. दोन वर्षं मी कोपऱ्यात बसून नुसती घंटा सांभाळली. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी बोलायला उभं केलं, आणि मी बोलू लागल्यावर पोरं गप्प झाली. हे सुख मी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांनी तीन वर्षं माझी टर उडवली ती तोंडं बारा मिनिटं मिटलेली बघायची! आमटीपेक्षा गोड.

त्या सालच्या थंडीत निरोप आला की दरबारचे एक कारभारी शाळा बघायला येणार आणि सभेला बसणार. डोंगरातल्या एखाद्या पोराला दरबारच्या खर्चानं पुढे शिकवावं, मग त्याला खोडाळ्याकडे मास्तर म्हणून पाठवावं, असं त्यांच्या मनात होतं. पोर म्हणजे मी. दुसरं होतंच कोण? फक्त बापाचा अंगठा हवा होता, चार वर्षं पोराला घरी मागणार नाही म्हणून. मास्तरांनी बाजारकऱ्याबरोबर सूर्यमाळेला सांगावा धाडला. मी त्या दिवसांत रात्री पडवीत पडून माझी शाळा बघायचो. खोडाळ्याला, वडाखाली. पहिल्या दिवशी येणाऱ्या पोराला मी विचारणार होतो, "अठं बसतोस का?"

मास्तरांनी विषय काढला: डोंगरातल्या पोराला शाळा हवी की नको. पोरं माझ्याकडे बघून फसफसली. मास्तर म्हणाले, "आधी नको, मग हवी. 'नको' म्हणताना तुझ्या बापासारखं बोल. त्यांच्या त्या पंचायतीत दाणे टाकतात ना, तेही कर. कारभाऱ्यांना मौज वाटेल."

हे दाण्यांचं मीच एकदा त्यांना सांगून बसलो होतो. आमच्या पाड्यात काही तंटा झाला की पाच जण सादड्याच्या झाडाखाली बसत. ज्याला बोलायचं असेल तो उभा राही, हातात नागलीचे चार दाणे घेई, आणि बोलून झालं की पंचांपुढे टाकी. दाणे पडले की बोलणं संपलं. तो शब्द मग परत घ्यायचा नाही, टाकलेला दाणा कुणी उचलायचा नाही. माझ्या चुलत्यानं रागाच्या भरात 'बैल माझा नाही' म्हणून दाणे टाकले होते. स्वतःचा बैल जन्मभर दुसऱ्याच्या दावणीला बघितला त्यानं. हे असलं खेळात करू नये, एवढं मला कळत होतं. पण मास्तर म्हणाले होते. मी म्हणालो, "करतो, मास्तर. उपकार झाले."

सभेच्या दिवशी कारभारी खुर्चीत, शेजारी मास्तर, पुढे जमिनीवर पोरं. मी आईनं दिलेल्या पुरचुंडीतली नागली मुठीत घेतली. चार दाणे लांबून दिसणार कसे, म्हणून चांगली मूठभर घेतली. आणि मी बा झालो. बाचा डावा पाय लाकूड तोडताना जायबंदी झालेला, तो मी ओढला. बाचे पुढचे दात नव्हते, ओठ आत घेऊन बोललो. "पंच हो, माज्या पोराला शाला नको! अक्षरं शिजवून पेज होते का? सूर्यमाळंला चैत्रात झऱ्यात वाटीभर पानी, रातभर बसून भरायचा. अठं पोर 'ग'चा गणपती काढीत बसला तर झऱ्यावर कोन बसंल, गणपती?" कारभारी हसले. त्यांचं पोट हलताना दिसलं आणि माझ्या अंगात काहीतरी चढलं. मी बाचा खोकला काढला. कडूकंद शिजवून, काप करून रात्रभर ओहोळात ठेवतात तरी कडूच लागतो आणि बा तो खाऊन 'ग्वाड हाय, ग्वाड हाय' म्हणतो, तेही करून दाखवलं. दिगंबर डोळे पुसत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा तो मला हसत नव्हता, माझ्याबरोबर हसत होता.

तेवढ्यात मला खिडकीत बाचं मुंडासं दिसलं.

तो डोक्यावरचं गाठोडं एका हातानं धरून गजांतून आत बघत होता. उद्या येईल असं मला वाटलं होतं. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. मला वाटलं, आता घंटा होईल, मग मी उलटेन, आणि मग असं बोलेन की बा सगळं विसरेल. खिडकीकडे न बघता मी शेवटचं वाक्य टाकलं, "शिकलेला पोर बापाला पडवीत बसवतो, पंच हो! माजा शब्द झाला!" आणि हात उंच करून मूठभर नागली जमिनीवर फेकली. हशा उसळला. खिडकीकडे बघितलं तेव्हा तिथे नुसते गज होते.

दाणे पडले होते. बोलणं संपलं होतं. पंचांतून उठायची आमच्याकडे तीच वेळ.

मग मास्तरांनी घंटा वाजवली आणि मी उलटलो. पुढची सहा मिनिटं काय बोललो ते मला सगळं पाठ आहे, इथे चांद्याच्या लाकूड डेपोत ओंडके मोजण्यात जन्म गेला तरी. पण लिहीत नाही. ज्याच्यासाठी बोललो त्यानंच ऐकलं नाही, तर बाकीच्यांना सांगून काय करायचं? एवढं खरं की कुणी हसलं नाही, आणि कारभारी उठून म्हणाले, "ओगले, हा मुलगा आमचा. बापाला आणा, अंगठा घ्या. मी दिवे लागेपर्यंत वाड्यावर आहे, नंतर निघालो." मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी मला हात लावला तो तेवढाच.

शाळेच्या पायरीवर बाचं गाठोडं होतं. वर तुंब्यात मध, खाली करांद्याचे कंद, आणि मास्तरांसाठी नागली. मी ते तसंच टाकून मोखाड्याच्या वाटेनं पळत सुटलो. गावाबाहेर ओहोळावर बा पाय धूत बसला होता. मला बघून म्हणाला, "आलास? भाकर खाल्लीस?"

"बा, तो खेळ होता. तू निम्माच ऐकलास."

"चांगला बोललास. माजा खोकला तर हुबेहूब."

"बा, घंटा झाल्यावर मी उलट बोललो. शाळा हवी म्हणून बोललो. घंटा नाय ऐकलीस तू?"

"ऐकली की. मला वाटला कुनाची गाय सुटली वाटंला." त्यानं पायाचं पाणी निपटलं. "दानं टाकलंस ना?"

"टाकले."

"मंग?"

मी त्याच्या पायाशी बसलो. अंगठ्याचं सांगितलं, खोडाळ्याच्या शाळेचं सांगितलं, कारभारी निघून जातील म्हणून सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त माझ्याकडे एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसा बघत होता. "धर्मा, पंचांत तू बोललास माज्या तोंडानं. पोराला शाला नको म्हनून माजा शब्द टाकलास. आता त्याच पंचांपुढं मी अंगठा देऊ? माजं तोंड कठं राहील?"

"ते पंच नाहीत, बा. ती पोरं आहेत."

"त्यांना नाय ठाऊक. मला ठाऊक हाय ना."

मी रडायला लागलो. मग त्यानं असं काही म्हटलं की जे आमच्या पाड्यात आजवर कुणी म्हटलं नसेल. "जा. उचल ते दानं. समदं उचलून आन. एकूणएक. मंग मी तुज्यासंगं येतो, आनि पाड्याला काय सांगायचा तो मी बघीन." त्यानं माझ्यासाठी केवढं मोडायला काढलं होतं, ते मला तेव्हा समजलं नाही. मला फक्त सूर्य दिसत होता.

सभेची खोली मोकळी झाली होती. मी ओणवा झालो. नागलीचा दाणा केवढा? मोहरीएवढा. जमीन शेणानं सारवलेली, भेगाळलेली. नखानं, गवताच्या काडीनं मी एकेक दाणा टिपू लागलो. पोरं दाराशी जमली. "बघा रे, अठंतठं कोंबडा झाला! कुकूच कर ना!" कुणीतरी पाठीत खडा मारला. मी मान वर केली नाही. निम्म्याहून जास्त झाले होते. भिंतीकडचे वेचले, टेबलाखालचे वेचले. धोतराच्या सोग्यात दाणे जमत होते आणि मला वाटू लागलं, होईल. मग दिगंबर आत आला आणि त्यानं अगदी शांतपणे विचारलं, "कशाला रे वेचतोस?"

तो मघाशी माझ्याबरोबर हसला होता. मी त्याला खरं सांगितलं.

तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात बाचं गाठोडं होतं. त्यानं गाठ सोडली, ओंजळ भरली आणि जिथे जिथे मी वेचून साफ केलं होतं तिथे तिथे फेकली. मग दुसरी ओंजळ, ती माझ्या डोक्यावर. "वेच," तो म्हणाला. "आता सगळेच तुझ्या बापाचे." पोरं इतकी हसली की तशी माझ्या भाषणालाही हसली नव्हती. ओगले मास्तर दारावरून जाताना थांबले, बघितलं, आणि म्हणाले, "झाडून घे रे सगळं. आणि घंटा विसरू नकोस."

मी झाडलं नाही. हातांनी, गुडघ्यांनी, जिभेनंसुद्धा जे निघालं ते सगळं गोळा केलं, सोगा गच्च धरला आणि पळालो. उन्हं उतरली होती. बा तिथेच होता, त्याच दगडावर. मी त्याच्यापुढे सोगा पसरला. नागली, माती, शेणाच्या खपल्या. त्यानं बोटानं तो ढीग पसरला, एक दाणा चिमटीत घेऊन उजेडाकडे धरला. आपल्या शेतातला दाणा माणूस ओळखतो.

"इतकं टाकलंस?"

मी हो म्हणू शकलो असतो. बारा मिनिटांत दोन्हीकडून बोलणारा मी, एक 'हो' जड नव्हतं. पण त्यानं वर बघितलं आणि माझ्याच्यानं झालं नाही. काय झालं ते सांगितलं. कुणी फेकले तेही.

बा पुन्हा त्या ढिगाकडे बघत राहिला. तो शोधत होता, हे मी शपथेवर सांगतो. मी टाकलेले दाणे त्याला त्यात सापडायला हवे होते.

"यातलं तुजं कंचं, धर्मा?" त्यानं विचारलं.

गावात दिवे लागायला लागले होते. बानं सोग्याची टोकं गोळा करून गाठ मारली, कारण नागली टाकून द्यायची नसते, आणि उठून म्हणाला, "चल. उजेड हाय तवर वाट धरू."

मी म्हणालो, एकदा मास्तरांकडे जाऊन येतो. गेलो. शाळेतून घंटा उचलली आणि गाईच्या गळ्यात बांधली. मास्तर ओसरीवर होते. मी शाळा सोडतो म्हणून सांगितलं, तर ते मोठ्यानं हसले. "म्हणजे पहिल्या सहा मिनिटांत तू खरं बोललास म्हणायचं!" बाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "तीन वर्षं खाल्लंस, काही म्हणशील की नाही?"

मी हात जोडले आणि शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "उपकार झाले." पलीकडच्या परसात कुणीतरी हसलं. मागे गाईनं मान हलवली, घंटा वाजली, आणि मी उलटायचं कसं ते विसरून गेलो होतो.